कुलपात राहिलेलं टोक

प्रिय भिंगरी,

माझं आयुष्य कुठे फिरलं असं कुणी विचारलं, तर सगळ्यांना वाटतं मी कॉलेज सोडल्याचा दिवस सांगेन. तो दिवस नाही. तो क्षण मला मिनिटासकट माहीत आहे. मंगळवार, दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. तुमच्या खोलीत, तुझ्या खाटेखालून ओढून काढलेल्या हिरव्या पत्र्याच्या पेटीसमोर मी मांडी घालून बसलो होतो, आणि हातातलं कुलूप टक् करून उघडलं. हो, मीच. पंधरा महिन्यांपूर्वी तू मला सरळ विचारलं होतंस आणि मी नाही म्हणालो होतो. ते खोटं होतं. आता हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण शेवटपर्यंत वाचून मग फाड, कारण शेवटी जे सांगायचंय ते माझ्याबद्दलचं नाही, तुझ्या बहिणीबद्दलचं, धाकटीबद्दलचं आहे. आणि ते तुला रविवारच्या आत कळायला हवं.

कुलपांचं वेड मला लागलं तेही तुमच्याच दारापायी. किल्ली आत विसरून तू दार ओढून घेतलं होतंस, धाकटी क्लासला गेलेली, तुला तासाभरात चष्म्याच्या दुकानात पोचायचं होतं, आणि मी बाह्या सरसावून तीन पावलं मागे गेलो होतो. एक लाथ, बस. तू माझ्या आणि दाराच्या मध्ये उभी राहिलीस आणि म्हणालीस, काडेपेटी, पेटायच्या आधी विचार कर. दार घरमालकीणबाईंचं आहे आणि पाय तुझा, दोन्हीपैकी एक तरी मोडणारच. मग चौकातल्या टपरीवरून चावीवाल्या काकांना घेऊन आलीस. तीन मजले चढून आलेला तो माणूस, चष्मा दोऱ्याने मानेला बांधलेला, आधी पायरीवर बसून शांतपणे धाप घालवत राहिला. मी आपला धुसफुसतोय. मग त्यांनी पिशवीतून काटक्यांसारख्या दोन पट्ट्या काढल्या, डोळे मिटले, आणि मी 'होतंय का' एवढं विचारेपर्यंत दार उघडलंसुद्धा. केलंत काय नेमकं, मी विचारलं. काका म्हणाले, काही नाही रे, मला घाई नव्हती आणि दाराला राग येत नाही, जमलं दोघांचं. ते वाक्य तू पुढे आठवडाभर माझ्यावर चालवलंस. भाजीत मीठ कमी पडून माझं तोंड वाकडं झालं तरी तुझं सुरू, काडेपेटी, दाराला राग येत नाही हं.

त्यानंतर दोनच महिन्यांत मी कॉलेजवर पाणी सोडलं. प्रयोगशाळेतल्या सरांनी वर्गादेखत माझी वही उघडून दाखवली आणि म्हणाले, हे अक्षर आहे की मुंग्यांचा मोर्चा? सगळे हसले. मीही हसायला हवं होतं, विनोद तसा वाईट नव्हता. पण मी वही त्यांच्या टेबलावर अशी आपटली की काचेची नळी फुटली, आणि माफी माग म्हणाले तेव्हा जो बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. आई रडली. बाबा माझ्याशी बोलायचे थांबले, जेवायला बोलवायचं तरी आईकरवी. तू एवढंच म्हणालीस, सरांची माफी मागून ये, दोन मिनिटांचं काम आहे. मी तुझ्यावरही डाफरलो. मग मी दुपारभर घरात बसून भिंतींशी भांडायला लागलो तेव्हा तूच सुचवलंस, असं काहीतरी शीक ज्यात चिडलास की हातातलं काम लगेच बिघडेल, म्हणजे आपोआप सुधारशील. औषध बरोबर होतं तुझं. रोगीच नालायक निघाला.

मी काय केलं, तर काकांकडून कुलपं उघडायला शिकायचं ठरवलं आणि उत्साहाच्या भरात अवजारांचा चोवीस नगांचा संच मागवला. चामडी पाकीट, आत चोवीस चकचकीत अवजारं, कुणाला दाते, कुणाला वेटोळं, कुणाला त्रिकोणी डोकं. ते मिरवत काकांच्या टपरीवर गेलो. काकांनी पाकीट उलगडलं, पुन्हा गुंडाळलं आणि विचारलं, दातांचा दवाखाना काढतोयस का? मग त्यातली तीनच बाहेर काढून बाकीची आपल्या खणात ठेवून दिली. एक आखूड हुक, एक थोडा उंच हुक आणि पीळ द्यायची एक वाकडी पट्टी. म्हणाले, एवढ्यात तुझी दोन वर्षं जातील. पोलाद बघून घे, आकार नंतर. ज्याची मूठ बोटांना टोचते ते घेऊ नकोस, कारण टोचलं की तू दाबणार, आणि तू दाबलंस की मेलंच. आणि एक पारदर्शक कुलूप दिलं, खेळण्यातलं वाटावं असं, आतलं सगळं दिसणारं.

तुला मी हे तेव्हा इतक्यांदा समजावलंय की तू कंटाळून मलाच पुढचं वाक्य सांगायचीस. तरी पुन्हा लिहितो, कारण पुढे जे झालं ते यावाचून कळणार नाही. कुलपात ओळीने बारीक पिना असतात, प्रत्येकीच्या डोक्यावर एक स्प्रिंग. किल्लीच्या खाचा प्रत्येक पिनेला तिच्या तिच्या उंचीवर उचलतात. किल्ली नसली तर पट्टीने हलकासा पीळ द्यायचा आणि हुकाने एकेक पिन चाचपायची. जी अडून बसली असेल ती आधी उचलायची. जमली तर बोटाला बारीकशी टिचकी जाणवते आणि पट्टी केसभर सरकते. सगळी गंमत पट्टीवरच्या बोटात. जास्त दाबलं की सगळ्याच पिना रुसून बसतात. काकांनी मला पहिले चार दिवस कुलूप दिलंच नाही. घरी जाऊन टीव्हीच्या रिमोटवर बोट ठेव म्हणाले, असं ठेव की बटणाला कळावं पण टीव्ही लागू नये. बाबा बातम्या बघत असायचे आणि त्यांचं चॅनेल बदलत राहायचं. महिनोन् महिने न बोललेला माणूस पहिल्यांदा बोलला तो रिमोट खाली ठेव म्हणून.

मग काकांनी एका जुन्या पितळी कुलपातल्या तीन पिना काढून टाकल्या आणि दोनच ठेवल्या. ते उघडलं त्या दिवशी मी तुझ्या दुकानात धावत आलो होतो, आठवतंय? तू मागच्या खोलीत यंत्रावर भिंगाची कड घासत होतीस, मान वर न करता म्हणालीस, दोनच पिना? मग तिसरीचं काय? तिसऱ्या पिनेला मला तीन आठवडे लागले. दोनदा कुलूप भिंतीवर फेकलं. तू एक वही आखून दिलीस. तारीख, कोणतं कुलूप, किती वेळ, आणि शेवटचा रकाना तू स्वतः लाल शाईने लिहिलास, 'शिव्या किती'. रोज वीस मिनिटं, त्यावर एक मिनिट नाही, हा तुझा नियम. उघडलं तरी ठेवायचं, नाही उघडलं तरी ठेवायचं. शिव्यांचा रकाना सतरावरून चारवर आला तेव्हा तू मला दुकानाच्या पायरीवर बसवून चहा पाजलास आणि भिंगाची एक उडालेली कड माझ्या तळहातावर ठेवलीस. म्हणालीस, काच घासताना जरा जास्त दाबलं की अशी कड उडते, आणि मग ते भिंग कुणाच्याच डोळ्याचं राहत नाही. तुझे हात इतके हलके होते की चष्म्याचा स्क्रू बसवताना तू श्वाससुद्धा थांबवायचीस. मी तेव्हा तुझ्या हातांकडेच बघत होतो, काचेकडे नाही. त्या सहा-सात महिन्यांत मी जेवढा बरा माणूस होतो तेवढा आधी कधी नव्हतो, नंतर तर नाहीच.

नियम दोन होते. काकांनी सांगितले आणि तू माझ्याकडून पाठ म्हणवून घेतलेस. जे कुलूप आपलं नाही त्याला हात लावायचा नाही. आणि जे रोजच्या वापरात आहे त्याला आपलं असलं तरी हात लावायचा नाही, कारण शिकाऊ हाताखाली आत कधी काय मोडेल सांगता येत नाही आणि मग माणूस स्वतःच्याच दारात उभा राहतो. धाकटी चिडवायची, म्हणायची, दादा, मग तुमचा उपयोग काय? ताईची ती हिरवी पेटी तरी उघडून दाखवा, मी लहानपणापासून विचारतेय आत काय आहे. तू हसून विषय बदललास. तुझं हसू अर्धंच होतं, ते मी पाहिलं आणि चुकीचं वाचलं.

कारण त्याआधी दोनदा मी तुझ्या हातात तो लिफाफा पाहिला होता. दुकानाच्या पत्त्यावर येणारा, तिरक्या मोठ्या अक्षरातला. एकदा तर मी आत आलो आणि तू तो पटकन पर्समध्ये सरकवलास, डोळे लाल. विचारलं तर म्हणालीस, भिंगाची पूड गेली. त्याच आठवड्यात तुमच्या दुकानातला तो उंच सेल्समन तुला स्कूटरवरून सोडायला आला. झालं, माझ्या डोक्यात दोन आणि दोनचे बावीस झाले. तुला विचारायला काय हरकत होती? पण विचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस, आणि मला उत्तर नको होतं, पुरावा हवा होता. चिडका माणूस असाच असतो बघ. त्याला भांडायला वेळ असतो, विचारायला नसतो.

पेटीचं कुलूप लहान, किल्लीची फट अरुंद. काकांनी निवडून दिलेला हुक त्यात शिरेना. ही गोष्ट सुद्धा मी एकदा, तू पाणी आणायला गेलीस तेव्हा, गुडघ्यावर बसून तपासली होती. म्हणजे मंगळवारचं ते आवेगाच्या भरात झालं असं म्हणायची सोयही मला नाही. अरुंद फटीसाठी पातळ पोलाद लागतं. शेजारच्या वेल्डरकडून लोखंड कापायच्या करवतीचं मोडकं पातं आणलं. असा हुक कसा करायचा ते काकांनी दाखवलं होतं: ग्राइंडरवर दोन सेकंद धरायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा दोन सेकंद. पोलाद तापू द्यायचं नाही, वाकवायचं तर मुळीच नाही, आकार घासूनच काढायचा. एक हुक करायला एक दुपार जाते. मला कुठे दुपार होती? मी अर्धवट घासलं, दाते एका बाजूला तसेच राहिले, मग स्वयंपाकघरात गॅसवर टोक लालबुंद केलं, पकडीने वाकवलं आणि थंड पाण्यात खुपसलं. चर्रर्र झालं. टोक असं टणक झालं की मला वाटलं, व्वा. काकांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, लालचं एकदम गार केलंस तर ते पोलाद राहत नाही, काच होते. कडक दिसतं आणि पहिल्या तिरक्या जोराला तुटतं.

मंगळवारी तू दुकानात होतीस. दार धाकटीने उघडलं. दादा, ताई सातला येईल, म्हणाली. मी म्हणालो, माहितेय, तिच्यासाठी एक गंमत करायचीय, तिला सांगू नकोस हं मी आलो होतो. तिचे डोळे लकाकले. शपथ, म्हणाली, आणि वर, गंमत मला आधी दाखवायची. मग गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेली, मुद्दाम सावकाश, मला वेळ मिळावा म्हणून. ती पायऱ्या चढताना गुणगुणत होती ते मला पेटी ओढताना ऐकू येत होतं.

नऊ मिनिटं लागली. वहीतला माझा सगळ्यात चांगला वेळ. शेवटच्या पिनेला मी दाबलं, नेहमीसारखं जास्त, आणि टक् च्या जोडीला एक कट् असा आवाज आला. मी लक्ष दिलं नाही. आत काय होतं ते तुला मी काय सांगायचं? पण मी काय पाहिलं ते तुला कळायला हवं. वर तुझी शाल. खाली लिफाफ्यांचे दोन गठ्ठे, दोऱ्याने बांधलेले. एकावर तुझं नाव, दुसऱ्यावर धाकटीचं. मी धाकटीच्या गठ्ठ्याकडे बघितलंही नाही नीट, तुझा सोडला, वरचा कागद उलगडला आणि त्या उंच सेल्समनचं नाव शोधायला थेट खाली गेलो. खाली लिहिलं होतं, तुझी आई. मला पहिल्यांदा कळेचना. तुमची आई वारली, धाकटी चार वर्षांची असताना, हे धाकटीने मला स्वतः सांगितलं होतं, आणि तू शेजारी बसून पातेलं घासत होतीस. कागदावरची तारीख त्याच महिन्यातली होती. मी चार ओळी वाचल्या. त्या चार ओळी मी कुणाला सांगितलेल्या नाहीत आणि इथेही लिहिणार नाही. एवढंच, की त्यात धाकटी आता कशी दिसते असं विचारलेलं होतं.

लाज हा शब्द मी तोवर नुसता ऐकला होता. घाईघाईत गठ्ठा बांधला, पेटी लावली, कुलूप दाबलं, पेटी खाटेखाली लोटली. धाकटी कपड्यांचा ढीग घेऊन आली, गंमत कुठेय म्हणून. मी म्हणालो, अजून तयार नाही. घरी येऊन खिशातला हुक काढला तर टोक नव्हतं. जमिनीवर पडलं असेल, मी स्वतःला सांगितलं. तीन दिवस सांगत राहिलो.

शुक्रवारी तुझी किल्ली आत जाईना. तू इमारतीच्या रखवालदाराकडून पेटीची कडी कापून घेतलीस. पत्रं तशीच होती, पण गठ्ठ्याला तू नेहमी सुरगाठ मारतेस आणि मी निरगाठ मारली होती. धाकटीही कायम निरगाठच मारते, बुटाच्या नाडीलासुद्धा. हे मला माहीत नव्हतं. मी मुद्दाम केलं नाही, यावर निदान विश्वास ठेव. तू आधी माझ्याकडे आलीस. टपरीच्या मागे, गोदामाच्या भिंतीशी. हळू आवाजात म्हणालीस, सोमवारी रात्री कुलूप नीट होतं, आणि त्यानंतर दुपारी खोली उघडी होती ती मंगळवारीच, तेव्हा तू कुठे होतास? आणि मी पेटलो. त्या पेटण्यात काही खरं नव्हतं, भिंगरी, तो पहिला राग जो मी ठरवून आणला. माझ्यावर संशय घेतेस? दोन नियम पाळणाऱ्या माणसावर? मी दुपारभर इथे काकांजवळ बसलेलो! माझा आवाज इतका चढला की रस्त्यापलीकडचा न्हावी कात्री घेऊन बाहेर आला. आणि तू, तू माझी माफी मागितलीस. म्हणालीस, चुकलं माझं, धाकटीच्या केसांच्या पिनेचं टोक अडकलं असणार आत. किती वर्षं मागे लागली होती ती.

त्या संध्याकाळी तू तिला विचारलंस, मंगळवारी कोण आलं होतं? तिने मला शब्द दिला होता. ती म्हणाली, कोणी नाही. आणि तुला तिचा चेहरा वाचता येतो. ती खोटं बोलतेय हे तुला कळलं, ती कशाबद्दल खोटं बोलतेय ते कळलं नाही. तुला वाटलं तिने सगळं वाचलंय आणि गप्प आहे. तिच्यासमोर उभं राहणं तुला जमेना, आणि पुढच्या आठवड्यात तू दुसऱ्या गावच्या दुकानात बदली मागून घेतलीस. बसथांब्यावर मी बॅग चढवली, तेव्हा तू मला म्हणालीस, तू चिडतोस, ओरडतोस, पण खोटं बोलत नाहीस, तेवढं सोडू नकोस. बस वळेपर्यंत मला तोंड उघडता आलं असतं. शंभर पावलं होती. मी हात हलवत राहिलो.

मग तुझा फोन लागेनासा झाला, मलाही, तिलाही. तिच्या निरोपांना तू 'ठीक आहे' एवढंच उत्तर देतेस, हे मला आज कळलं. मी काकांच्या टपरीवर रोज बसायला लागलो. किल्ल्या घासतो, लोकांची अडकलेली दारं उघडतो, आधी विचारतो दार कुणाचं. वही अजून लिहितो. शिव्यांचा रकाना बरेच महिने रिकामा आहे. माणूस सुधारलाय असं समजू नकोस. आवाज काढायची हिंमतच उरलेली नाही.

आज सोमवार. धाकटीला नोकरी लागली, वसतिगृहात जागा मिळाली, ती खोली सोडतेय. घरमालकीणबाईंना दाराचं कुलूप बदलून हवं होतं. काकांचे गुडघे तीन मजल्यांना नाही म्हणाले, म्हणून मी आलो. हो, मी तुमच्या खोलीत बसून हे लिहितोय, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून. तुझी खाट नाही, तिच्या जागेवर फरशी जरा उजळ आहे. मी दाराचे स्क्रू काढत होतो, धाकटी शेवटची पिशवी भरत होती, आणि म्हणाली, दादा, हे घ्या, तुमच्या सरावाला. पेटीचं कुलूप. तू कचऱ्यात टाकलंस, तिने उचलून ठेवलं होतं. म्हणाली, ताईचं काहीच राहिलं नव्हतं ना इथे. मग हसून म्हणाली, गंमत आहे बघा, मी ताईशी आयुष्यात एकदाच खोटं बोलले, तुमच्या त्या गमतीपायी, आणि नेमकं तेच पकडलं गेलं. ताईला वाटतं पेटी मीच उघडली, म्हणाली. धाकटीला हे कधी सुचलंच नाही की तो उघडणारा मी असेन. पंधरा महिन्यांत एकदाही नाही.

मी कुलूप खिडकीशी नेलं. आखूड हुकाने, बोटावर जोर न देता, जसं शिकवलं होतं तसं, आत चाचपलं. टोक बाहेर आलं. तांदळाच्या कणीएवढं, एका कडेला पात्याचा अर्धा दात. ते मी तिच्या तळहातावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ती ओरडेल. ती वळकटीवर बसली, ती कणी बोटाने उलटून पाहिली, आणि विचारलं, मग पेटीत होतं काय? भिंगरी, तिला खरंच काही माहीत नाही. तिने एक अक्षर वाचलेलं नाही. मी म्हणालो, ते ताईचं आहे, तीच सांगेल. ती म्हणाली, माझ्याबद्दल होतं का काही? मी पुन्हा म्हणालो, ताईला विचार. नाही म्हणणं सोपं होतं. पण तुझं बसथांब्यावरचं वाक्य आठवलं. ती उठली, कणी कट्ट्यावर ठेवली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, रविवारी जाते मी तिच्याकडे, दार नाही उघडलं तर पायरीवर बसेन, तुम्ही मात्र येऊ नका. तुझ्या जुन्या दुकानात फोन करून तुझा पत्ता तिने कधीच मिळवला होता, जायचा धीर नव्हता एवढंच. तो मला लिहून दिला. मला उद्देशून ती तेवढंच बोलली, आणि दादा म्हणाली नाही.

म्हणून हे पत्र. माफीसाठी नाही, ती मागायला मी दोन मिनिटांच्या कामाला पंधरा महिने लावले, आता ती मागण्यातही अर्थ नाही. तुझ्यावर जीव आहे, होता तेवढाच आहे, तोही या पत्राच्या कामाचा नाही. काम एवढंच की ती रविवारी तुझ्या पायरीवर येईल तेव्हा तू हे धरून चालू नकोस की तिला सगळं माहीत आहे आणि ती जाब विचारायला आलीय. ती रिकाम्या हातांनी येतेय. तू तिच्यापासून का लपवलंस ते मला माहीत नाही, तो माझा प्रश्नही नाही. पण सांगायचं की नाही, कसं, कुठल्या शब्दात, हे अजून तुझ्याच हातात आहे. तेवढं एक मी मोडलेलं नाही. दार उघड तिला. टोक या कागदाला चिकटपट्टीने लावलंय, बघ, केसांची पिन नाही ती. पत्र मी स्वतः तातडीच्या टपालाने टाकतो, तिच्या हाती देत नाही.

दाराला नवं कुलूप बसलं. दोन्ही किल्ल्यांनी तीन-तीनदा उघडून पाहिलं, आता त्या खाली मालकीणबाईंना देतो, एकही जवळ ठेवलेली नाही. हे शेवटचं बाहेर येऊन लिहितोय, जिन्याच्या कठड्यावर कागद धरून. अक्षर तसंच, मुंग्यांचं. आत काही राहिलं नाही ना ते एकदा पाहिलं, आणि दार ओढून घेतलं. हळू.

तुझाच,
काडेपेटी